एओलसचा आरसा आणि सेकंदाला आठ मीटरची चूक: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण युरोपीय अवकाश संस्थेच्या एओलस या वारा मोजणाऱ्या उपग्रहाचं आहे. मोहीम सार्वजनिक आहे, म्हणून तिचं नाव तसंच ठेवलं आहे. निर्णय घेणाऱ्या माणसांची नावं मात्र दिलेली नाहीत. कोणत्या चमूने कोणत्या टप्प्यावर काय ठरवलं आणि का ठरवलं, हे समजायला नावांची गरज पडत नाही.

## पार्श्वभूमी

हवामानाच्या अंदाजाला जी निरीक्षणं लागतात, त्यात वाऱ्याची बाजू कायम लंगडी राहिली आहे. तापमान आणि आर्द्रता उपग्रहांवरून बऱ्यापैकी कळतात. वारा मोजायचा तर रेडिओसोंड (मोजमाप करून रेडिओने खाली कळवणारं छोटं उपकरण) बांधलेले फुगे, प्रवासी विमानांकडून येणारी माहिती आणि सरकत्या ढगांवरून काढलेला वेग, एवढाच आधार. फुगे बहुतेक जमिनीवरूनच सुटतात, त्यामुळे महासागरांवर निरीक्षणं जवळजवळ नसतातच. विमानं ठरलेल्या मार्गांनी आणि ठरलेल्या उंचीवरून जातात. ढग सरकताना दिसतो, पण तो नेमका किती उंचीवर आहे हे ठरवताना चूक होते, आणि उंची चुकली की वारा भलत्याच थराच्या नावावर जमा होतो.

विषुववृत्ताच्या आसपास ही उणीव फार बोचते. मध्य अक्षांशांत पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारा आणि दाब यांचं घट्ट नातं असतं, म्हणून दाब आणि तापमान कळलं की वारा बराचसा ताडता येतो. उष्ण कटिबंधात ते नातं ढिलं पडतं. तिथे वारा मोजण्यावाचून इलाज नाही.

या गरजेतून १९९९ साली एओलसची निवड झाली. उड्डाण २००७ च्या सुमारास व्हायचं होतं, ते झालं २२ ऑगस्ट २०१८ रोजी, फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून, वेगा रॉकेटने. मधली वर्षं मुख्यतः लेझरने खाल्ली. अतिनील लेझर निर्वातात चालवला की आसपासच्या साहित्यातून सुटणारे सेंद्रिय रेणू काचांवर बसतात, प्रकाशात जळून काळे पडतात आणि काच निकामी करतात. शेवटी लेझरच्या पेटीत अगदी कमी दाबाचा ऑक्सिजन सोडायचं ठरलं, म्हणजे बसणारी काजळी तिथल्या तिथे जळून जाईल. हा उपाय यशस्वी झाला. त्याआधी अवकाशातून वारा मोजणारा लेझर कोणीच उडवला नव्हता, हे लक्षात घेतलं की उशीर समजून घेता येतो.

उपग्रह ३२० किलोमीटर उंचीवरून, पहाट-सांज कक्षेत, म्हणजे दिवस-रात्रीच्या सीमारेषेवरून, फिरत होता. त्यावर अलादीन नावाचं एकच उपकरण: ३५५ नॅनोमीटरचा लेझर, सेकंदाला सुमारे पन्नास स्पंद, आणि परत येणारा प्रकाश गोळा करायला दीड मीटर व्यासाचा मुख्य आरसा. दुर्बीण सरळ खाली न बघता ३५ अंश कललेली, आणि उपग्रहाच्या धावण्याच्या दिशेला काटकोनात. यामागचं कारण साधं आहे. उपग्रह स्वतः सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने पळतो. तो वेग मोजमापात शिरला तर वारा त्यात बुडून जाईल.

मोजायचं काय, तर परतलेल्या प्रकाशाचा डॉप्लर बदल. हवेचे रेणू किंवा धूळ-ढगांचे कण उपकरणाकडे येत असतील तर वारंवारता किंचित वाढते, लांब जात असतील तर घटते. त्या ‘किंचित’चा हिशेब बघण्यासारखा आहे. दृष्टिरेषेत सेकंदाला एक मीटर वारा असेल तर वारंवारता साधारण साडेपाच मेगाहर्ट्झने सरकते, आणि मूळ वारंवारतेच्या मानाने हा बदल पंधरा कोटींत एक भाग एवढा होतो. तो पकडायला दोन वेगळे चॅनेल होते. रेणूंवरून परतणाऱ्या प्रकाशासाठी रॅले-चॅनेल आणि कणांवरून परतणाऱ्या प्रकाशासाठी मी-चॅनेल, म्हणजे गुस्ताव मी यांच्या नावाचा. स्वच्छ हवेत रॅले चालतो, ढगांच्या माथ्यावर आणि धुळीत मी.

मोहिमेने स्वतःवर घालून घेतलेली अट कडक होती. आडव्या वाऱ्यातला बायस, म्हणजे सतत एकाच बाजूला झुकलेली चूक, सेकंदाला ०.७ मीटरच्या आत हवी. अंदाजाच्या मॉडेलला, म्हणजे संगणकावर हवामानाचं गणित करणाऱ्या प्रणालीला, विखुरलेली चूक चालते, कारण हजारो निरीक्षणांत ती एकमेकींना खोडते. बायस तसा खोडला जात नाही. वाण्याच्या तराजूचा काटाच मुळात सरकलेला असेल तर शंभर वेळा तोलूनही माल तेवढाच कमी भरतो.

## विमानातली जोडीदार उपकरणं

जर्मन अवकाश केंद्राकडे फाल्कन जातीचं संशोधन विमान आहे. त्यात दोन लेझर उपकरणं बसवली होती. एक ए२डी, म्हणजे अलादीनचीच विमानातली धाकटी आवृत्ती: तोच अतिनील प्रकाश, तेच दोन चॅनेल. दुसरं दोन मायक्रोमीटर तरंगलांबीचं. त्याला मोजायला हवेत कण लागतात, पण जिथे कण आहेत तिथे ते अतिशय खात्रीने वारा सांगतं. त्याचा बायस सेकंदाला काही सेंटिमीटरच्या घरातला.

उपग्रहाच्या खालून विमान उडवणं वाटतं तितकं सोपं नाही. हजार किलोमीटरचा पट्टा उपग्रह सव्वादोन मिनिटांत ओलांडतो, विमानाला त्याच पट्ट्याला सव्वा तासाच्या वर लागतो. म्हणून पट्ट्याच्या मध्यावर दोघांची गाठ पडेल अशी वेळ साधतात. दोन्ही टोकांना पाऊण तासाचा फरक राहतोच, आणि तेवढ्या वेळात वारा बदलेल असा वादळी दिवस निवडला तर तुलनेला अर्थ उरत नाही. वारा पुरेसा जोरात हवा, पण स्थिर हवा. वर दाट ढग नकोत, कारण लेझर त्यांच्या आरपार जात नाही. असा दिवस मिळेपर्यंत चमू तळावर बसून राहतो.

पहिली मोहीम, विंडव्हॅल-३, नोव्हेंबर-डिसेंबर २०१८ मध्ये झाली. दुसरी, अवतार-ई, मे-जून २०१९ मध्ये. दोन्ही मध्य युरोपावर. मिळून दहा वेळा विमान उपग्रहाच्या खालून उडालं.

## समस्या

पहिल्या मोहिमेचं उत्तर: रॅले-चॅनेलचा वारा खऱ्यापेक्षा सेकंदाला सुमारे २.१ मीटरने जास्त. अटीच्या तिप्पट, पण नवं उपकरण आहे, एक ठरावीक आकडा वजा केला की झालं, असं म्हणता आलं असतं. दुसऱ्या मोहिमेचं उत्तर: सुमारे उणे ४.६ मीटर. सहा महिन्यांत चूक नुसती वाढली नाही, तिने बाजूच बदलली.

या दोन आकड्यांमुळे ‘एक ठरावीक आकडा वजा करू’ हा मार्ग बंद झाला. माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं हे सगळ्यात मोलाचं निरीक्षण आहे, आणि ते विमानामुळे मिळालं. फक्त मॉडेलशी तुलना केली असती तर ‘मॉडेलच चुकत असेल’ ही पळवाट शिल्लक होती. विमानातल्या उपकरणाने ती बुजवली. जर्मन संशोधन जहाज पोलारस्टर्नवरूनही २०१८ च्या अखेरीस अटलांटिकवर रेडिओसोंड सोडून अशीच पडताळणी झाली होती, म्हणजे समुद्रावरचाही एक साक्षीदार होता.

त्याच काळात आणखी दोन गोष्टी बिघडत होत्या. पहिल्या लेझरची ऊर्जा ६५ मिलिज्यूलवरून चाळिशीच्या घरात घसरली होती. आणि शोधकातल्या, म्हणजे परतलेला प्रकाश टिपणाऱ्या भागातल्या, काही पिक्सेलनी अंधारातही संकेत दाखवायला सुरुवात केली होती. अशा ‘हॉट पिक्सेल’मुळे एखाद्या ठरावीक उंचीच्या थरात वारा अचानक उडी मारतो आणि नकाशावर आडवा पट्टा उमटतो. म्हणजे २०१९ च्या मध्यावर तीन दुखणी एकत्र होती, आणि कुठल्या दुखण्याचा वाटा किती हे उघड दिसत नव्हतं.

लेझर आणि पिक्सेल ही दोन आटोक्यात आली. जून २०१९ मध्ये पहिला लेझर बंद करून राखीव लेझर सुरू केला. हॉट पिक्सेलसाठीची युक्ती सुंदर होती: मोजण्याच्या थरांची खिडकी खाली सरकवून थेट जमिनीच्या पोटात न्यायची. तिथून प्रकाश परत येणं शक्यच नाही, म्हणून जे काही दिसेल ते पिक्सेलचं स्वतःचं. दिवसातून अनेकदा ही अंधारातली मोजणी घ्यायची आणि तेवढं वजा करायचं.

तरीही चूक उरली. उरलेल्या चुकीचं वागणं विचित्र होतं. ती कक्षेतल्या जागेप्रमाणे बदलायची, रेखांशाप्रमाणे बदलायची, उपग्रह उत्तरेकडे चढताना एक आणि दक्षिणेकडे उतरताना दुसरी असायची. वाईट वेळी एकाच फेरीत तिचा हेलकावा सेकंदाला आठ मीटरपर्यंत जायचा. आठ मीटर म्हणजे झाडांच्या छोट्या फांद्या हलवणारा चांगला वारा, जो प्रत्यक्षात कुठेच वाहत नव्हता.

## कारण कसं सापडलं

सुरुवातीला संशय लेझरवर, मग उपग्रहाच्या रोखावर. दोन्हींतून रेखांशाचं कोडं सुटत नव्हतं. लेझरला खाली सहारा आहे की काँगोचं खोरं, याने काय फरक पडणार?

२०१९ च्या उत्तरार्धात युरोपीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रातल्या आणि जर्मन अवकाश केंद्रातल्या लोकांनी उपग्रहाच्या घरगुती नोंदी, म्हणजे तापमान, विद्युतप्रवाह, हीटरची उघडझाप, या चुकीच्या नकाशाशेजारी ठेवून बघितल्या. मुख्य आरशाच्या तापमानाच्या सेन्सरपाशी गाठ पडली. आरशाचा काठ आणि मध्य यांच्या तापमानातला फरक ज्या लयीत हलत होता, त्याच लयीत वाऱ्याची चूक हलत होती. हे बदल एका अंशाच्या काही दशांशांएवढे.

साखळी अशी आहे. आरसा पृथ्वीकडे तोंड करून आहे. खालून पृथ्वीची उष्णता आणि ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश त्याच्यावर पडतो. उष्ण वाळवंटावरून जाताना जास्त उष्णता, उंच थंड ढगांवरून जाताना कमी. आरशाचं तापमान राखायला हीटर आहेत. ते या बदलाला प्रतिसाद देतात आणि त्या प्रतिसादाचीही आपली एक लय असते. आरशाचा आकार त्यामुळे नकळत बदलतो, वारंवारता मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरवर पडणाऱ्या प्रकाशाचा कोन तेवढाच बदलतो, आणि रॅले-चॅनेलच्या फाब्री-पेरो इंटरफेरोमीटरला (ठरावीक वारंवारतेचाच प्रकाश पुढे सोडणाऱ्या गाळणीला) कोनातला बदल आणि वारंवारतेतला बदल यांत फरक करता येत नाही. त्याच्या लेखी दोन्ही वाराच.

सहारा आणि काँगो यांचा फरक इथे लागतो. मी-चॅनेलला हा त्रास बराच कमी. अवतार-ई मोहिमेत त्याची चूक उणे ०.२ मीटरच होती, तेव्हा त्याच दहा उड्डाणांत हा धागाही होताच.

## समोर असलेले पर्याय

कारण कळलं तरी उपग्रह वर गेलेला होता. आरसा बदलता येत नाही. मग मार्ग किती होते?

हीटरचं नियंत्रण बदलून तापमान आणखी स्थिर करणं, हा मुळाशी जाणारा उपाय वाटतो. पण हीटरचा प्रतिसाद स्वतःच गुन्ह्यात सामील होता, आणि खालून येणारं प्रारण तर आपल्या हातात नाही. एका जागी दाबलं की दुसरीकडे फुगणार, ही भीती रास्त होती.

दुसरा पर्याय जमिनीचा. जमीन हलत नाही, म्हणजे तिच्यावरून परतलेल्या प्रकाशाने शून्य वारा दाखवायला हवा. दाखवला नाही तर जेवढा दिसेल तेवढी चूक. विमानातल्या ए२डीचं अंशांकन, म्हणजे माप जुळवणं, हिमनद्यांवरून उडून याच कल्पनेवर करतात. हा पर्याय मला मनापासून आवडतो, कारण तो कोणाच्या उपकारात नाही. अडचण अशी की अतिनील प्रकाश बर्फावरूनच चांगला परततो. समुद्र, जंगल आणि शेतं तो गिळतात. मग भरवशाचे संकेत मुख्यतः ध्रुवांजवळ मिळणार आणि उष्ण कटिबंध, जिथे चूक सर्वांत तापदायक, तिथे ते विरळ.

तिसरा पर्याय: अंदाज केंद्राच्या मॉडेलमधला वारा संदर्भ म्हणून घ्यायचा. तो जगभर, प्रत्येक थरात उपलब्ध. एओलसचा वारा वजा मॉडेलचा वारा, हा फरक आरशाच्या तापमानांशी जोडणारं समीकरण बसवायचं आणि त्यातून निघेल तेवढी दुरुस्ती करायची.

चौथा पर्याय थांबायचा होता: पुरतं समजेपर्यंत माहिती कोणाला द्यायची नाही. उपग्रहाचं नियोजित आयुष्य तीन वर्षांचं, त्यातलं सव्वा वर्ष उलटलेलं. थांबण्याची किंमत रोज वाढत होती.

## खरा वाद: मॉडेलवर मॉडेल?

तिसऱ्या पर्यायावरचा आक्षेप कोणालाही सुचेल असा आहे. ज्या मॉडेलला सुधारायला उपग्रह उडवला, त्याच मॉडेलच्या मापाने उपग्रह दुरुस्त करायचा? मग मॉडेलच्या चुका निरीक्षणात शिरतील, निरीक्षणं परत मॉडेलमध्ये जातील, आणि मॉडेल स्वतःचीच पाठ थोपटेल.

आक्षेप गंभीर होता आणि त्याचं उत्तर दोन भागांत दिलं गेलं. एक: समीकरणात संपूर्ण पृथ्वीवरचा फरक एकत्र जातो आणि त्याला बदलायची मुभा फक्त आरशाच्या तापमानांच्या आधारे असते. समजा मॉडेल हिंदी महासागरावर एका थरात चुकतंय. ती चूक दुरुस्तीत तेव्हाच शिरेल, जेव्हा ती आरशाच्या तापमानाच्या लयीत हलेल. जागोजागचे वारे मॉडेलकडे खेचणारी ही दुरुस्ती नाही. दोन: मॉडेलमधला पूर्व-पश्चिम वारा जगभराच्या रेडिओसोंडशी ताडून बघितला, तर सरासरी बायस सेकंदाला ०.३ मीटरच्या आत भरला. आठ मीटरचा हेलकावा मोजायला हे माप पुरेसं आहे.

मला हे उत्तर पटतं, पण पुरतं नाही. रेडिओसोंड जिथे दाट आहेत तिथेच मॉडेलही उत्तम असतं. जगभराची सरासरी ०.३ मीटर म्हणजे निर्मनुष्य समुद्रावरही तेवढीच, असं धरता येत नाही. विमानाच्या मोहिमांची गरज इथेच संपत नाही, उलट वाढते.

## काय केलं गेलं

निर्णय दोन पावलांत झाला. ९ जानेवारी २०२० रोजी युरोपीय अंदाज केंद्राने एओलसचा वारा रोजच्या अंदाजात घ्यायला सुरुवात केली, तेव्हा आरशाचं समीकरण रोजच्या कामात उतरलेलं नव्हतं. केंद्राने तात्पुरता उपाय केला: कक्षेतलं स्थान आणि रेखांश यांचा तक्ता करून जिथे जितकी चूक दिसते तिथे तितकी वजा करायची. कारणाशी न बोलता लक्षणावर केलेला उपचार, पण तो चालला, आणि तीन महिन्यांहून जास्त काळाचा वारा वाया गेला नाही.

२० एप्रिल २०२० पासून आरशाच्या तापमानांवर आधारलेली दुरुस्ती थेट माहिती तयार करण्याच्या साखळीत आली. समीकरणाचे गुणक ताज्या निरीक्षणांवरून रोज नव्याने बसवले जात. १२ मे रोजी माहिती सर्वांसाठी खुली झाली. त्याच महिन्यात जर्मन हवामान सेवेने, जूनअखेर फ्रान्सच्या आणि डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या हवामान सेवेने ती आपल्या अंदाजात घेतली.

या तारखांना एक योगायोग जोडलेला आहे. २०२० च्या वसंतात कोविडमुळे प्रवासी विमानं जमिनीवर बसली आणि विमानांकडून येणारी वाऱ्याची माहिती एकदम आटली. नेमक्या त्या दिवसांत एओलसची माहिती वापरण्याजोगी झाली होती. चौथा पर्याय निवडला असता, तर हे घडलं नसतं.

## निष्पत्ती

आरशाचा त्रास जिथे सर्वांत जास्त होता, तिथे कक्षेतला बायसचा हेलकावा ५३ टक्क्यांपर्यंत कमी झाला. अर्ध्याहून थोडा जास्त. हा आकडा जाहीर करताना चमूने तो फुगवला नाही, याचा मला आदर वाटतो.

उष्ण कटिबंधातली परीक्षा सप्टेंबर २०२१ मध्ये झाली. अवतार-टी ही मोहीम केप व्हर्डे बेटांवरून २०२० मध्येच व्हायची होती, कोविडने ती एक वर्ष लांबवली. तिथे रॅले-चॅनेलचा बायस शून्याच्या अगदी जवळ भरला. मात्र विखुरलेली चूक सेकंदाला सुमारे सात मीटरवर गेली होती. अवतार-ईच्या वेळी ती साडेचारच्या आत होती. राखीव लेझर जोमात होता, पण उपकरणातून बाहेर पडताना आणि परतताना वाटेत प्रकाश हरवत होता. म्हणजे काटा सरळ झाला आणि हात थरथरू लागला. तरीही मॉडेलच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचाच, कारण थरथर सरासरीत खोडली जाते.

अंदाजांवरचा परिणाम: वारा आणि तापमानाच्या अंदाजातली चूक उष्ण कटिबंधात आणि ध्रुवांकडे एक-दोन टक्क्यांनी घटली. बाहेरच्या वाचकाला हे किरकोळ वाटेल. पण एका दिवसात कोट्यवधी निरीक्षणं गिळणाऱ्या मॉडेलमध्ये एकट्या उपकरणाने एवढा फरक पाडणं विरळ असतं.

राखीव लेझरचा प्रकाश घटत गेल्यावर २०२२ च्या अखेरीस पहिला लेझर पुन्हा जागा केला आणि तो चाललाही. ३० एप्रिल २०२३ रोजी निरीक्षणं थांबली, आणि २८ जुलैला उपग्रह नियंत्रकांनी त्याला खाली आणत अंटार्क्टिकावर वातावरणात जळू दिलं. अशा नियंत्रित परतीसाठी तो बांधलेलाच नव्हता.

## मान्सूनकडून बघताना

एओलसची दृष्टिरेषा उष्ण कटिबंधात जवळजवळ पूर्व-पश्चिम पडायची. आपल्याला ही गोष्ट सोयीची, कारण मान्सूनचे दोन मोठे प्रवाह याच दिशेचे: खालचा पश्चिमी झोत, जो पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रमण यांनी १९६६ मध्ये द्वीपकल्पावर साधारण दीड किलोमीटर उंचीवर दाखवून दिला, आणि वरचा पूर्वी झोत, जो पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात मांडला. नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान पूर्वानुमान केंद्राने एओलसचा वारा आपल्या मॉडेलमध्ये घेतला.

मर्यादाही इथेच उघडी पडते. जुलैत कोकणासमोरच्या समुद्रावर ढगांची जाड गादी असते. लेझर तिच्या माथ्यावर थांबतो. वरचा झोत छान दिसतो, खालचा ढगांच्या फटींतून तेवढा. आणि नोएडाला मिळणारी माहिती युरोपच्या मॉडेलशी बांधलेल्या दुरुस्तीतून आलेली. अरबी समुद्रावर ते मॉडेल ऐन मान्सूनमध्ये किती बरोबर आहे, हा प्रश्न आपल्या लोकांनी स्वतंत्रपणे विचारायला हवा. त्यासाठी लागणारं विमान आणि त्यातलं लेझर उपकरण अरबी समुद्रावर असायला हवं होतं.

## वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दोन्ही विमान मोहिमा मध्य युरोपावर झाल्या. कारणं व्यावहारिक होती: तळ जवळ, खर्च कमी, नवं उपकरण. पण चूक रेखांशाने आणि खालच्या ढगांनी बदलत होती, आणि युरोपावरचे पट्टे म्हणजे कक्षेचा एक छोटा तुकडा. सप्टेंबर २०१९ ची तिसरी मोहीम आइसलँडवर गेली. दुसऱ्या मोहिमेने बाजू बदललेली दाखवल्यावर तिसरी लगेच विषुववृत्ताकडे नेली असती, तर आरशापर्यंत पोहोचायला आणखी एक भक्कम पुरावा लवकर मिळाला असता आणि कोविडचा अडथळाही आला नसता. आइसलँडचीही बाजू आहे: तिथे बर्फ आहे, म्हणजे ए२डीचं अंशांकन होतं, आणि जोरदार जेट झोतही मिळतो. दोन्हींतून एक निवडायचं तर मी विषुववृत्त निवडलं असतं.

जमिनीच्या परावर्तनाचा पर्याय नंतर तपासला गेला, तेव्हा तो मॉडेलच्या पर्यायापेक्षा फक्त १०.८ टक्क्यांनी कमी भरला. बर्फावर विसंबणारी पद्धत इतकी जवळ आली. ती पहिल्या दिवसापासून समांतर चालवली असती, तर ‘मॉडेलवर मॉडेल’ या आक्षेपाला दररोज उत्तर मिळत राहिलं असतं. रोजच्या कामात दुसरी साखळी चालवायला माणसं लागतात, हे खरं. पण ज्या मोहिमेत सगळी भिस्त एका संदर्भावर येऊन पडते, तिथे ही माणसं वाचवणं महागात पडतं.

आणि घरगुती नोंदी. आरशाचं तापमान पहिल्या दिवसापासून नोंदलं जात होतं. ते वाऱ्याच्या चुकीशेजारी ठेवून बघायला मात्र वर्ष गेलं. पुढचा उपग्रह एओलस-२ साधारण २०३४ मध्ये जाण्याची योजना आहे. त्याच्या प्रत्येक वाऱ्याच्या नोंदीत आरशाचं तापमान सुरुवातीपासून शेजारच्या रकान्यात असावं, एवढी तरतूद कागदावर करायला आज काहीच अडचण नाही.